जुन्या कालव्याकाठची ज्वारी

सत्यशीला एंगडे परभणीच्या बी-तपासणी केंद्रात रुजू झाली तेव्हा तिला बसायला स्टूल मिळालं, कामाला भिंग मिळालं आणि चहाला कान तुटलेला कप मिळाला. बाकीच्यांचे कप कपाटात असत. तिचा खिडकीत. केंद्रात असं कुणी बोलून दाखवत नसे, पण शिपाई बन्सीधर चहा ओतताना किटली जरा उंच धरायचा, की सगळं कळायचं.

तिसऱ्या दिवशी तिनं तो कप उचलला, खिडकीबाहेर रिकामा केला, धुतला, पुसला आणि त्यात आपले चिमटे नि सुया उभ्या करून ठेवल्या.

"बन्सीधरमामा, हा कप आता सामानाचा झाला," ती म्हणाली. "मला चहा कपाटातल्या कपात द्या."

त्या आठवड्यात केंद्रातल्या दोघांनी चहाच सोडला. मग पावसाळी हवा पडली, चहाची तलफ आवरेना, आणि दोघं मुकाट्यानं परत प्यायला लागले.

हे पंचाहत्तर साल. सत्यशीला तेव्हा चोवीस वर्षांची. वडील नागनाथ रेल्वेत गँगमन. पिंगळीच्या आसपासचे रूळ हातोडीनं ठोकत रोज मैलोन्‌मैल चालायचे. आई सरजाबाई रोजानं निंदायला-खुरपायला जायची. घरानं छप्पन साली बुद्धाची वाट धरली, आणि मुलीचं नाव त्याच उत्साहात बदलून सत्यशीला ठेवलं. ती औरंगाबादेत वसतिगृहात राहून बी.एस्सी. झाली. बहात्तरच्या दुष्काळात सुट्टीला घरी आली ती आईबरोबर थेट कालव्याच्या कामावर गेली. तिच्या लेखी कालवा म्हणजे तोच: पाण्याचा थेंब नसलेला, मुरुमाचा, डोक्यावर पाटी आणि पायाखाली तापलेली माती. आणि रात्रंदिवस पोटात लाल मिलो. रेशनवर मिळणारी परदेशी ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाल्ल्यावर पोटात दगडासारखी बसायची.

बियांची नजर मात्र तिच्यापाशी जन्मजात असावी. मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरले की चिमट्याच्या टोकानं ती एका दमात वेगळं करायची: हे फुटकं, हे किडकं, हे तणाचं, हे दुसऱ्याच वाणाचं. शहात्तर साली हॉलंडहून एक तज्ज्ञ केंद्र बघायला आला. त्यानं चौघांपुढं मुद्दाम भेसळ केलेला ज्वारीचा नमुना ठेवला. तिघांनी दाणे निवडले आणि हात झाडले. सत्यशीलेनं कागद हळूच उभा केला, खाली साचलेली चिमूटभर धूळ भिंगाखाली धरली आणि म्हणाली, "ही धूळ न्हाई. टारफुला हाय." ज्वारीच्या मुळातून रस पिणारं ते तण, त्याचं बी असतंच धुळीएवढं. तज्ज्ञानं तेच लपवलं होतं.

तीन महिन्यांच्या शिक्षणासाठी हॉलंडहून दोन जागा आल्या, तेव्हा पत्रात एक नाव नेमकं लिहून आलं: सत्यशीला एंगडे. दुसरी जागा केंद्राचे प्रमुख दिनकरराव यांनी स्वतःकडं ठेवली.

दिनकरराव वाईट माणूस होते असं कुणी म्हणणार नाही. कामाला चोख, बोलायला मऊ. फक्त आपल्या हाताखालची माणसं चोवीस तास हाताखालीच असतात, असा त्यांचा पक्का समज होता. निघायच्या आधी ते म्हणाले, "सत्यशीला, परक्या मुलखात आपण घरच्यासारखं राहायचं. माझ्या जेवणाखाण्याचं, कपड्यांचं जरा बघ म्हणजे झालं."

तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घरी येऊन वडिलांना सांगितलं. नागनाथ अंगणात बुटांचा चिखल काढत बसले होते.

"लय दूर जायलीस, बाई," ते म्हणाले. "तिथं मी काय सांगणार तुला? एकच सांगतो. आमी आयुष्यभर वाकलो ते रूळ बघायला. साहेबाला बघून कवा वाकलो न्हाई. तेवढं ध्यानात ठेव."

*

सत्त्याहत्तरच्या एप्रिलात दोघं तिथं पोचले. शिक्षणाचं गाव लहान, शेतांच्या मधोमध. राहायला वसतिगृह, तळमजल्यावर सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. पहिल्याच आठवड्यात दिनकरराव दोन शर्ट घेऊन तिच्या दारात आले. सत्यशीला म्हणाली, "इस्त्री खाली ठेवलेली हाय, साहेब. बटण दाबलं की तापती. लय सोपी हाय." दिनकरराव हसले, पण हसू ओठांवरच राहिलं.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी ठरवलं, उत्रेख्तला जायचं. तासाभराची गाडी. घरच्यांनी दिलेली यादी त्यांच्या खिशात होती: घड्याळ, अत्तर, भाच्याला खेळणं, मेहुण्याला पाइप. सत्यशीलेला शहर बघायचं होतं, म्हणून ती बरोबर निघाली.

स्टेशनातून बाहेर पडायला आकाशच सापडेना. स्टेशनाला लागूनच नवी कोरी बंदिस्त बाजारपेठ, वर छत, खाली चकचकीत फरशी, दुतर्फा दुकानं. ती ओलांडून पाच-सात मिनिटं चालल्यावर एकदम जुनं गाव लागलं, आणि गावाच्या मधोमध पाणी.

त्या पाण्याला तिथले लोक जुना कालवा म्हणतात. सत्यशीला पुलावर थबकलीच. हा असा कालवा तिनं कधी मनातही आणला नव्हता. वर रस्ता, रस्त्याला लागून उंच, अरुंद विटांची घरं आणि घरांच्या पोटात दुकानं. आणि रस्त्याच्या खाली, पुरुषभर खोल, पाण्याला लागून दुसरा एक रस्ता! त्या खालच्या रस्त्यावर झाडं उगवलेली, त्यांचे शेंडे वरच्या माणसांच्या हाताला लागतील इतके जवळ. खालच्या भिंतीत कमानदार दारं. शेकडो वर्षांपूर्वी नावा येऊन त्या दारांशी माल उतरवायच्या, मग तो तळघरातून सरळ वर दुकानात जायचा, असं एका पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं.

"चल चल, वेळ नाही," दिनकरराव म्हणाले.

पहिलं दुकान अत्तराचं. पिशवी तिच्या हातात. दुसरं खेळण्यांचं, खोका मोठा, तोही तिच्या हातात. पाइप घेतला. चादरी घेतल्या. प्रत्येक वेळी दिनकरराव मागं न बघता हात मागं करायचे, आणि वस्तू आपोआप तिच्याकडं यायची. स्वतः ते मोकळ्या हातानं पुढं. सत्यशीला पहिल्या दोन वस्तू माणुसकी म्हणून धरून होती. चौथीला तिला कळलं, यात माणुसकीचा काही संबंध नाही.

घड्याळाच्या दुकानात भिंतभर लंबक हलत होते. म्हातारा दुकानदार काउंटरमागून बाहेर आला, सत्यशीलेचे भरलेले हात पाहिले आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली. दिनकररावांना त्यानं इंग्रजीत विचारलं, "आपल्या पत्नी?"

"छे छे," दिनकरराव घाईनं म्हणाले. "सर्व्हंट आहे ती. उभी राहील."

खुर्ची तशीच राहिली. दुकानदार कानकोंडा झाला. सत्यशीलेचा आवाज चढला नाही. बी मोजताना असतो तसाच शांत राहिला. तिनं त्याला इंग्रजीत सांगितलं, "मी बियांची तपासणी करते. मी इथं शिकायला आले आहे, आणि हेही शिकायलाच आले आहेत. ऑफिसात हे माझे साहेब आहेत. आज शनिवार आहे."

मग ती खुर्चीवर बसली. थोडा वेळ, पुरेसा वेळ. उठून बाहेर आली, पुलाच्या कठड्यापाशी तिन्ही पिशव्या नीट ओळीनं मांडल्या, खोका वर ठेवला.

दिनकरराव मागोमाग धावत आले. "हे काय करायलीस?"

"तुमचं सामान हाय, साहेब. तुमच्या ताब्यात द्यायलेय."

"अगं, लोक बघायलेत!"

"बघू द्या. त्यांनी मघाशी पण बघितलं."

"मला इथला रस्ता माहीत नाही!"

"तो उंच मनोरा दिसतो ना? त्याच्याकडं पाठ करून चालत ऱ्हावा. स्टेशन लागतंय."

दिनकररावांनी तिचं नाव दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा ती पुलाच्या पलीकडं पोचली होती.

*

मोकळ्या हातांनी चालण्यात काय असतं ते तिला त्या दिवशी कळलं. दंडांवर पिशव्यांचे वळ होते, ते चोळत ती कालव्याच्या काठानं निघाली. आधी भराभर, रागानं. कुणी आडवं आलं असतं तर त्याला ढकलूनच गेली असती. मग एका पुलावर फुलांचा बाजार लागला आणि पाय आपोआप मंदावले. बादल्यांतून ट्यूलिप उभे, लाल, पिवळे, एक जवळजवळ काळा. फुलवाल्यानं तिच्या साडीकडं बोट करून काहीतरी कौतुकानं म्हटलं. तिनंही त्याच्या ट्यूलिपांकडं बोट करून मराठीत म्हटलं, "तुमची पण झकास हायत." दोघांचं समाधान झालं.

शेजारच्या गल्लीत कापडाचा बाजार भरला होता. ठाणं उलगडून ठेवलेली, बाया कापड बोटांत चुरगाळून बघत होत्या, तुकड्यासाठी हुज्जत घालत होत्या. ती हुज्जत तिला भाषा न कळताही शब्द न् शब्द कळली. मनात आलं, आपली आय इथं आली असती तर दुपारपर्यंत हलली नसती. पुढं चीजचं दुकान, जात्याच्या पाळूएवढे पिवळे गोळे. टोप्यांचं दुकान. नुसत्या बटणांचं एक दुकान, सबंध दुकान बटणांचं! प्रत्येक काचेपुढं ती हवा तितका वेळ उभी राहिली. कुणी चल म्हणणारं नव्हतं.

एका ठिकाणी दगडी पायऱ्या खाली जात होत्या. ती उतरली. खालच्या रस्त्यावर वरचा गलका एकदम बंद झाला. पाणी हाताच्या अंतरावर, हिरवं, संथ. एका कमानीत कुणी चाकावर मडकी घडवत होतं, दुसरीत पुस्तकं बांधत होतं, तिसरीत टेबलं मांडून लोक कॉफी पीत होते. आणि चौथ्या कमानीच्या दारात पोती होती. तोंडं उघडी. वास आला आणि सत्यशीला जागीच थांबली. तो वास तिच्या ओळखीचा होता. धान्याचा.

बियाणांचं दुकान होतं ते. वर रस्त्यावर दुकान, खाली कोठार. मालकीण कोर्नेलिया, सत्तरीची, हडकुळी, कमरेला निळं फडकं बांधलेली, फुलांचे कांदे निवडत बसली होती. सत्यशीलेनं एका पोत्यात हात घातला. मटार, मका, करडई आणि ज्वारी. पांढरी ज्वारी, आणि तिच्यात लाल दाणे.

"हे काय आहे?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"पारव्यांचं खाद्य," म्हातारी म्हणाली. तिनं दाणे बोटानं दाखवले. "हा पांढरा, याला आम्ही 'दारी' म्हणतो. हा लाल, मिलो."

मिलो. हातातला लाल दाणा सत्यशीलेनं पुन्हा निरखला. तोच होता. हजारो मैलांवर येऊन तोच दाणा तिला पारव्यांच्या पोत्यात भेटला होता.

"पाच वर्षांपूर्वी आमच्याकडं दुष्काळ पडला," ती म्हणाली. "हा लाल दाणा माणसांना खायला आला होता. मी खाल्ला. माझ्या आईनं खाल्ला. कालवा खणत खाल्ला."

म्हातारीचा हात थांबला. तिनं डोळ्यांवरचा चष्मा काढला. मग समोरच्या टोपलीतला एक कांदा उचलला.

"युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात या गावात अन्न उरलं नव्हतं," ती अडखळत्या इंग्रजीत म्हणाली. "आम्ही हे खाल्ले. ट्यूलिपचे कांदे. याच दुकानातले. उकडून. माझ्या धाकट्या बहिणीला पचले नाहीत." कांदा टोपलीत परत ठेवून म्हणाली, "मला समजतं, बाळ. गरिबांचं अन्न."

सत्यशीलेला तिच्याबद्दल फार वाईट वाटलं. पण शेवटचे दोन शब्द तिच्या घशाखाली उतरेनात. तिनं पोत्यातले पांढरे दाणे तळहातावर निवडून घेतले.

"लाल दाण्याचं तुमचं खरं आहे," ती म्हणाली. "तो भुकेपोटी खाल्ला. पण हा पांढरा आम्ही भुकेपोटी खात नाही. हा आमचा आहे. आमच्या काळ्या जमिनीत हा थंडीत दवावर वाढतो, आणि याचा हुरडा सुरू झाला की पाहुणे न बोलावता येतात. साहेब खातो, मजूर खातो. कुणी श्रीमंत झाला म्हणून सोडत नाही. माझी कीव नका करू. मला हा दोन किलो द्या."

"पारवे आहेत तुमच्याकडं?"

"नाहीत. मीच खाणार आहे. औषध लावलेलं नाही ना?"

कोर्नेलिया हसली. आधी गालात, मग मोठ्यानं, खोकला येईपर्यंत. आत जाऊन तिनं निव्वळ पांढऱ्या दाण्यांचं वेगळं पोतं ओढून आणलं. दळणार कशात, म्हणून विचारलं. सत्यशीलेनं तो विचारच केला नव्हता. तेव्हा म्हातारीनं आपली हातानं फिरवायची कॉफीची लाकडी चक्की फडक्यात गुंडाळून तिच्या हवाली केली. "शनिवारी परत आण," म्हणाली. "आणि जे करशील ते मलाही आण. पारव्यांना मी सांगणार नाही."

*

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सत्यशीला तासभर चक्की फिरवत होती. पीठ जाडंभरडं निघालं. रुमालातून चाळून घेतलं, आधणाचं पाणी घालून मळलं. पहिली भाकरी तुटली, दुसरी तव्याला चिकटली. तिसरी टम्म फुगली, चौथीही, आणि सबंध मजल्यावर खमंग वास गेला.

दिनकरराव दारात आले. आदल्या दिवशीपासून दोघं बोलले नव्हते. तीन आठवडे उकडलेल्या बटाट्यावर काढलेला माणूस तो. त्यांची नजर तव्यावरून हलेना.

"भाकरी का गं?" ते म्हणाले. "बरं केलंस. एक ताटलीत घालून खोलीवर पाठव."

"पाठवायला हितं बन्सीधरमामा न्हाईत, साहेब," ती म्हणाली. "या, बसा. दोन हायत. एक तुमची."

तिनं समोरची खुर्ची सरकवली. एका टेबलावर, तिच्या समोर, तिच्या हातची. दिनकररावांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग काढून घेतला आणि जिना चढून गेले.

सत्यशीलेनं दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या. दुसरी जरा जड गेली, पण खाल्ली.

पुढच्या शनिवारी ती एकटीच उत्रेख्तला गेली. भाकरी आणि लसणाचा ठेचा कोर्नेलियाच्या पुढं ठेवला. म्हातारीनं ठेच्याचा घास घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा घेतला. त्यानंतर दर शनिवारी सत्यशीला त्या कोठाराच्या दारात बसायची, पाण्याकडं तोंड करून बी निवडायला मदत करायची, आणि मग सबंध दुपार कालव्याकाठी भटकायची. कुठल्या पुलाखालून नाव जाते, कुठल्या तळघरात जुनी भांडी स्वस्त मिळतात, घड्याळवाला कधी जेवायला जातो, सगळं तिला पाठ झालं. घड्याळवाला आता लांबूनच टोपी काढायचा.

आणि तिसऱ्या रविवारी दिनकरराव खाली आले. खुर्ची ओढली, बसले. तिनं भाकरी वाढली. मान वर न करता त्यांनी सबंध संपवली, बोटं पुसली, आणि हळूच म्हणाले, "तिकडं गेल्यावर हे कुणापाशी बोलू नको."

"का बरं?"

"का, ते तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक हाय म्हणूनच बोलणार," सत्यशीला म्हणाली. "कुनी इचारलं तर बोलणार. लपवून खायची असंल साहेब, तर नका खाऊ. भाकरी काय चोरीची न्हाई."

ते त्यानंतर आले नाहीत. भाकरीपेक्षा तिचं ते उत्तर त्यांच्या जास्त जिव्हारी लागलं.

*

परभणीला परतल्यावर महिन्याच्या आत तिच्या हातात कागद पडला. वरिष्ठांची अवज्ञा, परदेशात वरिष्ठांना एकटे टाकून निघून जाणे, उद्धट भाषा. खुलासा करावा. सहकाऱ्यांनी सुचवलं, दोन ओळींची माफी लिही, मिटून जाईल. सत्यशीलेनं दोन ओळी लिहिल्या नाहीत. तीन पानं लिहिली. पिशव्या, खुर्ची, 'सर्व्हंट' हा शब्द, शनिवार आणि रविवारची भाकरी, सगळं तारखेसकट. खाली लिहिलं, 'यात एक अक्षर खोटं असेल तर साहेबांनी खोडावे.'

टंकलेखकानं त्या खुलाशाच्या तीन प्रती काढल्या. दुपारच्या आत सबंध केंद्रानं ती पानं वाचली होती. दिनकररावांनी एक अक्षर खोडलं नाही. खोडता येण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण बदली त्यांच्या हातात होती. सत्यशीलेला सोनपेठच्या गोदामावर पाठवलं. तिथं तपासणी नव्हतीच. नुसती पोती, उंदीर आणि एक खिडकी.

सरजाबाई रडकुंडीला आली. "लिव्हून टाकायचं होतं माफीचं. काय बिघडलं असतं?"

"मी बिघडले असते, आय," सत्यशीला म्हणाली, आणि ट्रंक भरायला लागली.

सोनपेठला तिनं पहिले पंधरा दिवस गोदाम झाडलं. मग आठवडी बाजाराच्या दिवशी गोदामातलं टेबल बाहेर काढलं, डोक्यावर घेतलं, बाजारात लिंबाखाली मांडलं आणि पुठ्ठ्यावर लिहिलं: 'पेरण्याआधी बी दाखवा.' पहिल्या बाजारी लोक लांबून बघून गेले. दुसऱ्या बाजारी पंचफुला आली. जवळच्या वस्तीवरची विधवा, दोन एकरांची धनीण, सातवी शिकलेली. पदराच्या गाठीत मूठभर ज्वारी. सत्यशीलेनं बी पसरलं, कागद उभा केला, आणि भिंग पंचफुलाच्याच हातात दिलं.

"बघा. दिसायलंय का काई?"

"काळं-काळं पीठ हाय."

"टारफुला हाय तो. कुठून आणलं बी?"

पंचफुलानं बाजारातल्याच एका व्यापाऱ्याचं नाव घेतलं. किशनराव. त्याचं दुकान समोरच होतं. तासाभरात तो टेबलापाशी येऊन उभा राहिला. "बाई, तुमी गोदामाच्या. बाजारात बसायचा हुकूम हाय का?"

"बसू नको असा हुकूम हाय का?"

"धंद्यावर पाय द्यायलाव तुमी!"

"धंद्यावर न्हाई, बियावर बोलायलेय. तुमचं पोतं आणा. हितंच, सगळ्यांच्या पुढं बघू. चांगलं निघालं तर मीच वरडून सांगते."

किशनरावानं पोतं आणलं नाही. पुढल्या बाजारी मात्र सत्यशीलेच्या टेबलापुढं पदरांच्या, धोतराच्या सोग्यांच्या गाठी सुटायला लागल्या, त्या सुटतच राहिल्या. व्यापारी आधी चिडले, मग तिच्याकडं स्वतःच नमुने पाठवायला लागले. तिनं पाहिलेलं बी जास्त खपतं हे त्यांच्या ध्यानात आलं. तक्रारी वर गेल्या, त्यांच्या मागोमाग शेतकऱ्यांचे अंगठे उठवलेले अर्जही गेले. दोन वर्षं हे चाललं.

एकोणऐंशी साली तिला परभणीला परत बोलावलं, तपासणी विभागाची प्रमुख म्हणून. दिनकरराव तोवर दुसरीकडं गेले होते. तिनं लेखी कळवलं, सोनपेठचं बाजारातलं टेबल चालू राहणार असेल तर येते. वर्षभर कागद फिरले, आणि शेवटी मंजुरी आली. टेबलावर बसायला रोजंदारीवर पंचफुलाला घेतलं.

सत्यशीला निघाली तो बाजाराचाच दिवस होता. एस.टी. गर्दीतून इंचाइंचानं सरकत होती. खिडकीतून तिला लिंबाखालचं टेबल दिसलं. टेबलापुढं एक उंचापुरा व्यापारी दोन्ही हात नाचवत होता, आणि त्याच्यासमोर पंचफुला उभी. घाबरलेली होती, हे लांबूनही कळत होतं. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. कंडक्टर म्हणाला, "बाई, उतरायचंय का? थांबवू?"

सत्यशीला अर्धी उठली होती. तेवढ्यात पंचफुलानं मूठ सोडली, व्यापाऱ्याचं मनगट धरलं आणि त्याचा हात खेचून भिंगाखाली कागदावर आणला. "बोलू नका," तिचा आवाज सबंध बाजारावर गेला. "आधी बघा!"

"नको," सत्यशीला म्हणाली आणि खाली बसली. "चालू द्या गाडी."